मे महिन्यात कोकणात घर बघताय? आधी टाकी विचारा

आजचा अख्खा दिवस दापोली-गुहागर पट्ट्यात फोन करण्यात गेला. दहा माणसं, आठ दिवस, थेट किनाऱ्यावरचं घर. भाडं सगळेच विचारतात, पाणी कुणी विचारत नाही.

मे अखेर विहिरी तळाला गेलेल्या असतात. माणशी रोज 135 लिटर धरलं तरी दहा जणांना 1350 लिटर झाले. त्यात समुद्रावरून आल्यावर सगळी वरात एकदमच अंघोळीला. वर 1000 लिटरची एकच टाकी असेल तर शेवटचा माणूस अंगाला साबण लावून ओरडणार! म्हणून टाकी केवढी, पंप किती वेळा लावता, वीज गेली तर काय, हे विचारून घ्या. ‘इन्व्हर्टर आहे’ म्हणजे बहुधा पंखे आणि दिवे, पंप-एसी नाही. अंगणात पाय धुवायला नळ हवाच, नाहीतर वाळूने मोरी तुंबते.

‘बीच टच’वर विसंबू नका. फाटकापासून वाळूपर्यंत चालत काढलेला व्हिडिओ मागवा. मध्ये कधी कुणाची वाडी निघते, कधी खाडी.

भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी 7 ला असली तर शनिवारी 11 च्या पुढे. पोहायचं आणि जेवणाचं वेळापत्रक त्यावरच बसवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पोरांना गुडघ्याच्या पुढे सोडू नका.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 15 मेच्या गाडीसाठी 16 मार्च. दापोलीला जायचं तर खेड स्टेशनला उतरा, गुहागरला चिपळूणला. आणि 1 जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा सुरमईवाल्यांनी मेमध्येच उरकावं.