निकोटिनचा गम चावायचा कसा

सिगरेट सोडण्यासाठी निकोटिनचा गम, म्हणजे चघळायची गोळी, मागणारा माणूस बहुतेक वेळा आवाज खाली करून मागतो. शेजारी कोणी खोकल्याचं औषध घेत असेल तर ते जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभा राहतो. मला याचं फार वाईट वाटतं. टपरीवर सिगरेट घेताना कोणी एवढं लाजत नाही.

ऐरोलीत आमचं मेडिकल आहे, संध्याकाळी काउंटरवर मी असते. माइंडस्पेस आयटी पार्कमधली नाइट शिफ्टची मुलं, रिक्षावाले, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, सगळे येतात. २ मिलिग्रॅमचा गम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. म्हणजे तो कसा घ्यायचा हे सांगायला मध्ये डॉक्टर नसतो, मीच असते. म्हणून गर्दी असली तरी मी पाच मिनिटं काढतेच.

बस चालवणारे एक दादा स्ट्रिप परत घेऊन आले होते. "ताई, याने उचक्या लागतात, घसा जळतो, आणि तलफ आहे तिथेच आहे. परत घ्या." मी म्हटलं, एक गोळी माझ्यासमोर खा. त्यांनी ती तोंडात टाकली आणि कचाकचा चावत सुटले, मिनिटभरात रस गिळूनही झाला. तिथेच सगळा घोळ होता. निकोटिन गालाच्या आतून रक्तात जायला हवं. गिळलेलं पोटात जातं, त्यातलं बरंचसं यकृतातच संपतं, आणि उचकी-जळजळ तेवढी मिळते.

मग दुसरी गोळी दिली. हळू चावायची. थोड्या वेळाने मिरीसारखी तिखट चव येते, चुणचुणतं. की थांबायचं. तंबाखूचा बार धरतात तशी गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलायची. एक गोळी साधारण अर्धा तास पुरते. सुरुवातीचे ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफ यायची वाट न बघता. पुढचे ३ आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे ३ आठवडे चार ते आठ तासांनी. लोक दिवसाला दोन-तीन गोळ्या खातात आणि गम कुचकामी ठरवतात.

आणि चहा. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्डड्रिंक काही नको. त्याने तोंडात आंबटपणा येतो आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. शिवाय धुरामुळे शरीर कॅफीन भराभर संपवत असतं. सिगरेट सुटली की तोच चार कप चहा अंगात जास्त वेळ राहतो. मग छातीत धडधड, झोप नाही, आणि माणूस म्हणतो सिगरेट सोडल्यानेच झालं. चहा निम्मा करा, निदान पहिले काही आठवडे.

दादांना विचारलं, सकाळची पहिली कधी? "डोळे उघडले की." उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅम लागतो, आणि त्याला चिठ्ठी हवीच. त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. गमऐवजी त्वचेवर चिकटवायचा पॅच आणि औषधाच्या गोळ्याही असतात, तेही डॉक्टरच ठरवतील.

बायका येतात त्या वेगळंच मागतात. "नवऱ्याला चहातून नकळत देता येईल असं काही आहे का हो?" नाही. माझ्याकडे असतं तरी दिलं नसतं. ज्याला सोडायची त्याला कळल्याशिवाय हे होत नाही. त्यांना मी सांगते, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, चिडचिड होणार, ती तुमच्यावर नाही. तीन-चार आठवड्यांत ओसरते. तलफ स्वतः काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ त्यांना घेऊन खाली एक चक्कर मारा. ॲश-ट्रे, लायटर घराबाहेर.

सिगरेटच्या पाकिटावर २०१८ पासून सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. सोडायची तारीख ठरवून घेतात आणि नंतर विचारपूस करायला स्वतःहून फोन करतात. रोज पाकीट हातात घेणाऱ्यांनीही तो कधी वाचलेला नसतो, म्हणून मी पाकीट उलटं करून दाखवते.

मुलं व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगरेटबद्दल विचारतात. २०१९ पासून त्यावर बंदी आहे, विषय संपला.

गरोदर असाल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर गम आधी डॉक्टरांना विचारून. कवळी असेल तर तो चिकटतो, त्यांनी पॅचचं विचारावं.

दादा आता चार तासांना एक गोळीवर आलेत. परवा विचारत होते, सगळं संपल्यावर एक स्ट्रिप खिशात ठेवली तर चालेल का. म्हटलं, ठेवा. लग्नाकार्यात कोणी सिगरेट पुढे केली तर लागेल.