फणसाच्या खांबाचा पीळ

गुरुजींनी खांब जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. शेडच्या दारात छत्री मिटली, खांब टेबलावर ठेवला आणि गाठ सोडली. वरून तो धडधाकट दिसत होता. मी अंगठ्याने दाबला तर पापुद्रा आत गेला. वाळवीने गाभा खाऊन आत माती भरून ठेवली होती.

त्यांच्या घरच्या गणपतीच्या मखराचा तो पुढचा डावा खांब. चारही खांब फणसाचे, मधोमध दोन पदरी पीळ, वर-खाली चौकोनी बैठक. चतुर्थीला अकरा दिवस उरले होते. दुसऱ्या लुगड्यात मागचा डावा खांब होता, तो नमुन्याला. आणि सोबत एक ओबडधोबड तुकडा. म्हणाले, "आमच्या जुन्या घराचा वासा. घर उतरवलं तेव्हा एवढा एकच धड निघाला. जमलं तर याच लाकडातून करा."

माझी शेड सावंतवाडीच्या थोडी बाहेर आहे. घराच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, दरवाजावरची नक्षी अशी कामं मी घरीच जुळवलेल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या मशीनवर करतो. मशीन आडवं ९०० मिलिमीटर, उभं ६००. हत्यार तीन दिशांनी जातं. पण खांब सगळीकडून कोरायचा तर तो हत्याराखाली फिरलाच पाहिजे. त्यासाठीचा रोटरी अक्ष मी वैशाखातच आणून ठेवला होता: लाकूड धरून फिरवणारा १०० मिलिमीटरचा चार जबड्यांचा चक, एकास सहा पट्ट्याची कपात (मोटरच्या सहा फेऱ्यांना चकाची एक), मोजून स्टेप-स्टेपने फिरणारी स्टेपर मोटर आणि समोरून टेकू द्यायला टेलस्टॉक. बसवायचं राहून गेलं होतं. गुरुजींच्या खांबामुळे ते काम हातात घ्यावंच लागलं.

शेजारच्या काकांना बोलावून घेतलं. ते जुने कातारी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत त्यांनी उमर काढली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचा आणि वर केवड्याचं पान धरून चकाकी आणायची, हे त्यांचं रोजचं काम होतं. खांब हातात घेऊन ते बराच वेळ गप्प बसले.

"लेथार ह्यो गोल होतलो," ते म्हणाले, "पण पीळ हातान काढूचो लागतलो. माझे हात आता थरथरतत."

मग तीन दिवस अक्ष बसवण्यात गेले. पहिली अडचण उंचीची. चकाचा मध्य मशीनच्या बिछान्यापासून ६५ मिलिमीटर, त्यावर चौकोनी बैठकीचा कोपरा ४७ मिलिमीटर, आणि हत्यार वाहणाऱ्या आडव्या पुलाखाली जागा ११० मिलिमीटर. हत्याराला जागाच उरत नव्हती. शेवटी एमडीएफच्या (दाबलेल्या भुशाच्या फळीच्या) बिछान्यात लांब खाच कापली आणि सगळा अक्ष खालच्या लोखंडी चौकटीवर उतरवला.

दुसरी अडचण कंट्रोलरची. माझ्या अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर तीनच अक्ष चालवतं. चौथा हवा तर बोर्ड बदलायचा, नाहीतर एका अक्षाची जागा रोटरीला द्यायची. मी पूल मागे-पुढे नेणाऱ्या वाय अक्षाची मोटर सोडवली आणि रोटरीची मोटर त्याच ड्रायव्हरला, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या सर्किटला जोडली. हे करताना वीज आधी पूर्ण बंद करायची. चालू ड्रायव्हरवरून मोटरची पिन काढली तर ड्रायव्हर जळू शकतो. पूल बरोबर अक्षावर आणून दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने आवळला, कारण त्याला धरून ठेवणारी मोटर आता जोडलेली नव्हती.

मग हिशोब. मोटरच्या एका फेरीला २०० स्टेप, मायक्रोस्टेपिंग ८ (एका स्टेपचे आठ भाग), कपात ६, म्हणजे चकाच्या एका फेरीला ९,६०० स्टेप. खांबाचा व्यास ६०, घेर १८८.५ मिलिमीटर. भागाकार आला ५०.९३. वायला एका मिलिमीटरला किती स्टेप हे डॉलर १०१ या सेटिंगमध्ये असतं. त्यात पूल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूसाठी ३२० आकडा होता, तिथे हा घातला. आता प्रोग्रॅम वायमध्ये १८८.५ मिलिमीटर जायला सांगतो तेव्हा खांब एक फेरी घेतो. सपाट कागदावर काढलेली नक्षी खांबाभोवती गुंडाळली जाते, तसंच हे. झेडचं, म्हणजे हत्याराच्या उंचीचं शून्य मात्र लाकडाच्या पृष्ठावर घ्यायचं नाही, फिरण्याच्या मध्यावर घ्यायचं. लाकूड वेडंवाकडं असलं तरी मध्य हलत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो टेलस्टॉकवर. चकात सरळ पॉलिश केलेली सळई धरली, दुसरं टोक टेलस्टॉकला टेकवलं आणि काट्यावर बारीक फरक दाखवणारी डायल गेज स्पिंडलला (हत्यार फिरवणाऱ्या मोटरला) बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. टेलस्टॉककडची बाजू ०.३ मिलिमीटर खाली होती. तेवढ्याने खांबाचा व्यास एका टोकाला ०.६ने जाड राहिला असता. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कातरून त्याचे तीन पदर टेलस्टॉकखाली घातले. काटा जागेवर थांबला तेव्हा काकांनी मान डोलावली. ते डायल वाचत नाहीत, पण मला वाटतं माझा चेहरा त्यांना वाचता आला.

चाचणीला शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेतला आणि साधं कातकाम केलं: गोल, मधे दोन गळे. उत्तम उतरला. एवढंच की गळ्याच्या तळाशी लाकूड थोडं करपलं होतं. प्रोग्रॅममधला वेग ६० व्यासाला धरलेला असतो. ४२ व्यासाच्या गळ्यात तोच वेग प्रत्यक्षात ७० टक्क्यांवर येतो आणि हत्यार कापण्याऐवजी घासत बसतं. खोल भागासाठी वेग वाढवला, झालं. मला वाटलं अक्ष तपासून झाला.

चतुर्थीच्या सहा दिवस आधी सकाळी वासा चकात धरला. बाहेर पाऊस कोसळत होता. फणसाचा पिवळा भुगा उडायला लागला. वरून काळा पडलेला वासा आतून अगदी हळदीसारखा होता. आधी चौकोनातून मधला भाग गोल करायचा होता. मी थेट ६० व्यासावर आणणार होतो. काका म्हणाले, "चार ठेव. श्रावणातला लाकूड, खयच्या खय जाईत." त्यांचं खरं होतं. लाकूड ओल घेतं-सोडतं तेव्हा वर्तुळाच्या वळणाने जितकं हलतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे हलत नाही. गोल केलेला खांब लंबगोल होतो. पाडलेल्या घराचा वासा उघड्यावर किती भिजला होता कोण जाणे. मी व्यास ६४ ठेवला.

मग पिळाचा प्रोग्रॅम लावला. ६ मिलिमीटरचं हत्यार, पहिला थर दीड मिलिमीटर खोल. स्पिंडल सरकू लागलं, खांब हळूहळू वळू लागला आणि पिवळ्या लाकडावर पहिली तिरपी खाच उमटली. चार महिने ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं. मी नुसता बघत उभा होतो.

काका स्टुलावर बसले होते, मांडीवर गुरुजींचा जुना खांब. एकदम उठले.

"झिला, बंद कर ता."

आवाजात काही होतं म्हणून मी विचार न करता आणीबाणीचं बटण दाबलं. त्यांनी जुना खांब फिरत्या खांबाला समांतर धरला. जुन्याचा पीळ डावीकडून उजवीकडे चढत होता. माझा उजवीकडून डावीकडे.

पोटात गोळा आला. या वाशाचा दुसरा तुकडा नव्हता. तोंडून निघून गेलं, "काकानू, टोकं बदलून बसवला तर? वरचं टोक खाली?"

काकांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातलं सुंभ उचललं, हातभर ताणून माझ्यासमोर धरलं. "ह्या टोकान बघ. मगे त्या टोकान बघ. पीळ बदललो?"

बदलला नव्हता. काथ्याचा तो दोर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, पीळ त्याच अंगाने चढत राहिला. इतकी वर्षं सुंभ वापरतोय, पण हे असं मी कधी पाहिलं नव्हतं. खांबही उलटा करून सुटका नव्हती.

मग शांतपणे कारण शोधलं. फिरणाऱ्या अक्षाची धन दिशा ठरवताना हत्यार कामाभोवती कसं फिरेल ते धरतात. इथे हत्यार जागेवर असतं, फिरतं ते काम. म्हणजे धन आज्ञेला काम त्याच्या उलट फिरायला हवं. मी मोटर जोडताना चकच धन दिशेने फिरवला होता. आणि चाचणीत केलं साधं कातकाम. गोल वस्तू कुठल्याही बाजूने फिरवली तरी गोलच निघते. ती चूक दाखवण्याची ताकद त्या तुकड्यात नव्हतीच.

दुरुस्ती एका आकड्याची: डॉलर ३ या सेटिंगमध्ये ० होता, तिथे २ घातला. वायची दिशा उलटली. पण लाकडाचं काय? कॅलिपर खाचेत घातला. खाचेचा तळ मध्यापासून ३०.५ मिलिमीटरवर होता. खांबाचं शेवटचं पृष्ठ ३० वर. काकांनी ठेवायला लावलेल्या जाडीमुळे उलटी खाच अख्खी वरच्या थरातच राहिली होती. अर्धा मिलिमीटर शिल्लक.

खांब चकातून काढला नाही. आधी गोलाईचा प्रोग्रॅम पुन्हा चालवून ६० वर आणला. उलट्या खाचेची रेघ पातळ होत होत पुसली गेली, ती आम्ही दोघांनी वाकून पाहिली. बैठकीच्या सपाट बाजूवर डायल टेकवून कोनाचं शून्य परत तपासलं, कारण पिळाची सुरुवात चौकोनाच्या कोपऱ्याशी जुळली नाही तर नमुन्याशी मेळ बसत नाही. मग पीळ. या वेळी काकांनी जुना खांब शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. खडबडीत कापणीनंतर गोल टोकाच्या हत्याराने अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने फिनिश घेतलं. संध्याकाळचे सात वाजले.

आता कुठलाही नवा पीळ लाकडावर घेण्याआधी मी चकात पीव्हीसीचा नळ लावतो, हत्याराच्या जागी मार्कर पेन धरतो आणि तोच प्रोग्रॅम रेघेने काढून नमुन्याशेजारी ठेवून बघतो. चकाच्या तोंडावर लाल रंगाने बाण काढला आहे.

खांब बसवायला मी आणि काका गुरुजींच्या घरी गेलो. ओटीवर मुंबईहून आलेली मुलं माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट बांधत होती: नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, तेरड्याची फुलं. मखरात तीन काळेभोर खांब आणि चौथा पिवळाधमक. मी रंगाची बाटली नेली होती. गुरुजींनी ती उघडू दिली नाही. "फणस आहे. आपसूक काळवंडेल," म्हणाले, "तोवर आमच्या घराचा वासा ओळखू येऊ दे."

काका मखरासमोर बसले होते. त्यांनी एक बोट जुन्या खांबाच्या खाचेत ठेवलं, एक नव्याच्या, आणि दोन्ही बोटं पिळाच्या अंगाने फिरवत सावकाश वरपर्यंत नेली.