बुटाच्या खाचेतली काटोलची माती

दिवाळीत न्यूझीलंडला जाऊन आलो त्याला आता बरेच दिवस झाले, पण जो येतो तो गाडीचे नाहीतर समुद्राचे फोटो बघतो, आणि मला सांगायचं असतं चिखलाबद्दल, तर म्हटलं इथे लिहूनच टाकते.

आम्ही तिघं, मी, दादा आणि वहिनी. कॅम्परव्हॅन म्हटलं की लोकांना बाथरूमवाली मोठी गाडी वाटते, आमची तशी नव्हती. जुनी पेट्रोल गाडी, मागे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली गॅस, भांडी आणि वहिनीने नागपूरहून आणलेला चिवडा. भाडं कमी होतं पण गाडीला सेल्फ-कंटेन्डचं, म्हणजे संडास-पाण्याची सोय गाडीतच असल्याचं, सर्टिफिकेट नव्हतं, म्हणजे फुकटात मुक्काम करायच्या बहुतेक जागा बाद, हे बुकिंग करतानाच बघून घ्या. मग आम्ही तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या कॅम्पसाईटवर राहायचो, माणशी दहा-पंधरा डॉलर (डॉलर तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास), त्यात नळ, साधा संडास आणि झोपायला मोकळं गवत. डिझेल गाडी घेतली तर किलोमीटरप्रमाणे रस्त्याचा टॅक्स वेगळा बसतो, तेही विचारून घ्या. गाडी डावीकडूनच चालते आणि आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं त्यामुळे दादाचं काही अडलं नाही.

आता चिखल. सुरुवात ऑकलंड एअरपोर्टवरच झाली. तिथे उतरताना फॉर्ममध्ये विचारतात, मातीत वापरलेले बूट आहेत का? मी हो लिहिलं. जायच्या आधी दोन महिने मी ते बूट रामटेकला आणि काटोलला काकांच्या संत्र्याच्या बागेत घालून फिरले होते, घरी घासून धुतलेही होते, पण आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, वाळली की सिमेंट. तिथल्या माणसाने बूट उलटा केला आणि खाचेत बोट फिरवून ती माती मला दाखवली. बूट आत नेले, धुऊन आणून दिले, पैसे नाही घेतले. खरं सांगितलं नसतं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होता. तेव्हा मला वाटलं, एवढ्याशा मातीचं काय एवढं.

पहिला मोठा ट्रेल तारानाकीला केला. २,५१८ मीटरचा ज्वालामुखी, एकटाच उभा, आणि खालच्या अंगाला जंगल, झाडांवर इतकं शेवाळं की बुंधा दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे त्यांचा वसंत, पाऊस कधीही. वाटेवर लाकडी पायऱ्या ठोकलेल्या पण मधली माती वाहून गेलेली, प्रत्येक पायरी म्हणजे एक डबकं. आपल्या काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून सोबत येतो, दहा पावलांत पाय किलोभर जड होतो. तिथला तसा नाही, तो काळपट, पातळ, कुजलेल्या पानांचा, तो पाय आत ओढतो आणि सोडताना फचक्कन आवाज करतो. वहिनी सुरुवातीला कडेकडेने, गवत धरून जात होती. मागून एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनी थांबून सांगितलं की मधून जा, सरळ चिखलातून. सगळे कडेने गेले की वाट रुंद होते, कडेची मुळं तुडवली जातात, पुढच्या पावसात ती कडही चिखल होते आणि मग लोक अजून बाहेरून जातात. हे पटलं. मग काठीने खोली बघायची आणि घोटा बुडेपर्यंत सरळ जायचं, एकदा मोजे भिजले की पुढे काही वाटत नाही. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून गाडीखाली ठेवायचे, दोन तासांनी बोळे बदलायचे. आई व्हिडिओ कॉलवर रोज एकच विचारायची, गाडीत बूट घेऊन नाही ना चढत.

आणि मग आम्ही उत्तरेला वाइपोआच्या जंगलात गेलो, काउरीची झाडं बघायला. आत शिरायच्या आधीच बूट धुवायचं स्टेशन आहे, त्याच्यातून गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी ब्रशवर तळवा घासायचा, खाचा मोकळ्या करायच्या, मग औषधावर बूट दाबायचा. क्रम महत्त्वाचा, माती राहिली तर औषध लागतच नाही. कारण काय तर काउरीला एक रोग लागला आहे, मातीतून आणि पाण्यातून मुळाला जातो, झाड बुंध्यापासून डिंक गाळतं आणि वरून वाळत जातं. चिमूटभर माती पुरते. बोर्डावर रोगाचं नाव होतं, फायटोफ्थोरा.

मी तिथेच थांबले. हे नाव मी लहानपणापासून ऐकते आहे. आमच्याकडे संत्र्याला जो डिंक्या होतो तो ह्याच कुळातला. प्रजाती वेगळी, पण चाल तीच. काका चाकूने डिंक आलेली साल खरवडतात, मग बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात. आधी खरवडायचं, मग औषध. इतकं करूनही आमची झाडं गेली, मी लहान असताना एक अख्खी ओळ उपटावी लागली होती, आणि काकू त्या दिवशी बागेत आली नव्हती.

त्यानंतर मी प्रत्येक खाच काडीने कोरून काढली, दादाला म्हटलं पुन्हा घास. मग आत गेलो. ताने माहुता, माओरी लोकांचा जंगलाचा देव, ५१ मीटरच्या आसपास उंच, बुंध्याचा घेर तेरा मीटरच्या वर, वय दोन हजार वर्षांच्या आसपास असावं म्हणतात. वाट लाकडी फळ्यांची, उंचावरून, कारण ह्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं अगदी वरवर असतात. आपण फोटोपुरतं खाली उतरावं असं कोणालाच वाटलं नाही. ऑकलंडजवळच्या वाइटाकेरेच्या जंगलात तर २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या माओरी जमातीने स्वतःच लोकांना यायला मनाई केली होती, पुढच्या वर्षी महापालिकेनेही वाटा बंद केल्या. तेव्हा लोक नाराज झाले असतील, पण मला ती मनाई मनापासून पटते.

रात्री काकांना फोन केला, फोटो पाठवले. बाकी काही नाही, त्यांनी पहिलं हेच विचारलं, "त्या झाडालेबी डिंक येते का व?" मी हो म्हटलं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बुंध्याले पाणी लागू नाई द्याचं म्हणा त्याह्यले."

परत आल्यावर नागपुरात बर्डीच्या बाजारातून एक कडक ब्रश घेतला, लादी घासायचा, चाळीस रुपयांचा. तो आता काटोलच्या बागेच्या फाटकाला तारेने बांधला आहे, खाली पाण्याची बादली. मजूर, व्यापारी, आम्ही, जो कोणी दुसऱ्या बागेतून येईल त्याने आधी चप्पल-बूट घासायचे, मग आत यायचं. काकांनी स्वतः पाटीवर खडूने लिहिलं आहे.