ग्रेस गॅलोवेचा हट्ट

मंगळवार, रात्री

आज पुन्हा ग्रेस गॅलोवेच्या रोजनिशीतच अडकले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या घरांतल्या बायका शोधतेय, आणि ही फिलाडेल्फियाची बाई काही पुढे सरकू देत नाही.

नवरा जोसेफ १७७८ मध्ये इंग्रज फौजेबरोबर निघून गेला, मुलीला घेऊन. ही मागे राहिली ती इस्टेट राखायला. त्यातला बराचसा भाग तिच्या वडिलांकडून आलेला. पण कायद्याने बायकोची जमीन नवऱ्याच्या ताब्यात, आणि नवरा इथल्या नव्या सरकारने देशद्रोही ठरवलेला. म्हणजे गेलंच सगळं.

२० ऑगस्टला जप्तीची माणसं आली. हिने दारं आतून लावून घेतलेली. त्यांनी स्वयंपाकघराचं दार जबरदस्तीने उघडलं. म्होरक्या चार्ल्स विल्सन पील, वॉशिंग्टनची चित्रं काढणारा तोच चित्रकार. त्याने अदबीने हात पुढे केला. हिने तो धुडकावला, आणि उंबऱ्याशी थांबून सगळ्यांना बजावलं, मी आपण होऊन जात नाहीये, मला जबरदस्तीने काढताहेत, लक्षात ठेवा. मला वाटतं, तिला साक्षीदार हवे होते. पुढेमागे दावा लावायचा तर!

बाई तोऱ्याची आहे, कडवट आहे, भेटायला न येणाऱ्या मैत्रिणींचा हिशोब ठेवते. आणि मध्येच लिहून जाते की मनासारखं वागायला मिळतंय म्हणून ही गरिबीसुद्धा लग्नानंतरच्या कुठल्याही काळापेक्षा बरी वाटते. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

१७८२ मध्ये ती गेली. लेक पुन्हा दिसली नाही. १८०३ मध्ये जोसेफ वारल्यावर मात्र तिच्या माहेरची इस्टेट त्याच लेकीकडे आली.

अशाच राजनिष्ठ घरांतल्या, लंडनमध्ये नुकसानभरपाई मागणाऱ्या बायकांचे अर्ज वेगळेच. चमचे, गाद्या, भांडी एकूण एक आठवतात, जमीन किती एकर आणि कितीची, ते सांगता येत नाही. तो हिशोब पुरुषांकडे असे.

आणि डेबोरा स्क्वॉशला तर अर्जही नाही. १७८३ मध्ये इंग्रजांबरोबर न्यूयॉर्कहून निघालेल्या जहाजाच्या यादीत तिच्यापुढे मोजकंच: वय २०, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची गुलाम, सुमारे ४ वर्षांपूर्वी पळाली. जहाज कॅनडाकडच्या नोव्हा स्कोशियातल्या पोर्ट रोझवेला जाणारं. ग्रेसपाशी पानंच्या पानं आहेत, डेबोरापाशी एक ओळ, तीही इंग्रज कारकुनाने लिहिलेली. उद्यापासून ग्रेसला बाजूला ठेवून पोर्ट रोझवेच्या नोंदी चाळणार आहे.