गटाच्या सर्व्हरवर पावसाची नोटबुक: काम कुठवर आलंय

गटातल्या पर्जन्यमापकवाल्यांची मागणी जुनीच होती. प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर एक्सेल चिवडत बसण्यापेक्षा सगळ्यांचे आकडे एकाच ज्युपिटर नोटबुकमध्ये (पायथनचा कोड छोट्या चौकटींत, म्हणजे सेलमध्ये, लिहून तिथेच चालवायचं पान) यावेत आणि ती ब्राउझरमधून कुणालाही चालवता यावी. आलेख तयारच होता: वर सदस्यांचा रोजचा पाऊस, खाली सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि तिच्यावर दोन आडव्या रेघा, ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. अडलं होतं ते हे गटाच्या सर्व्हरवर ठेवायचं कसं इथं. त्या सर्व्हरवर आधीपासून फोटो गॅलरी, विकी आणि सदस्य-यादीचा डेटाबेस नांदतोय.

ज्याला नोटबुक चालवू दिली, त्याला टर्मिनलच (सर्व्हरला थेट हुकूम द्यायची खिडकी) दिलं असं समजायचं. सेलमध्ये उद्गारचिन्ह टाकून पुढे कुठलीही कमांड लिहा, ती चालते. गटात सूचना आली होती की धोक्याची फंक्शनं गाळून टाकू, सिस्टिमला हात घालणारं ओएस मॉड्यूल बंद करू. त्या वाटेला मी गेलोच नाही. पायथनमध्ये एका ठिकाणी पोचायला इतक्या पळवाटा आहेत की गाळणी लावणाराच आधी दमतो. कोड ज्या युजरच्या नावानं चालतो, त्याच्या हाताला काय लागू द्यायचं हे मात्र आपण ठरवू शकतो. पुढचं सगळं काम त्याच दिशेनं केलंय.

साधी ज्युपिटर नोटबुक मुळात एकट्याच्या वापरासाठी आहे. ती ८८८८ पोर्टवर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांकाचं दार), फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच यंत्राच्या आतून) ऐकते आणि २०१६ च्या ४.३ आवृत्तीपासून टोकन (पासवर्डसारखी गुप्त खूण) आपोआप मागते. हे दोन्ही अडसर काढून ती इंटरनेटवर उघडी ठेवणारे महाभाग अजून भेटतात. बॉट अशी दारं शोधतच फिरत असतात, आणि मग सर्व्हर दुसऱ्याच कुणासाठी क्रिप्टो-मायनिंग करत बसतो. एकट्यालाच वापरायची असेल तर एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतची कूटबद्ध खाजगी वाट) पुरे, बाकी काही उघडू नका. आम्हाला मात्र प्रत्येकाचं वेगळं खातं हवं होतं, म्हणून द लिटलेस्ट ज्युपिटरहब (पुढे नुसता ‘हब’) घेतला. तो एकाच सर्व्हरवर शंभरेक लोकांपर्यंतच्या वापरासाठीच बनवलाय. उबुंटूवर बसतो आणि प्रत्येक सदस्याला लिनक्सचा खराखुरा वेगळा युजर देतो, नावामागे ‘ज्युपिटर’ आणि डॅश लावून. होम फोल्डर इतरांना बंद, टेम्प फोल्डरसुद्धा प्रत्येकाचा वेगळा.

तो थेट गटाच्या सर्व्हरवरच बसवावा असा बहुमताचा कल होता, कारण ‘डेटाबेस तर फक्त लोकलहोस्टवर आहे, बाहेरून कोण येणार?’ त्यावर मी वाद घातला नाही. चाचणीचं एक खातं काढलं आणि सगळ्यांसमोर सेलमध्ये चार ओळी लिहिल्या: सॉकेट उघड, १२७.०.०.१ चं (हाच लोकलहोस्टचा पत्ता) ६३७९ पोर्ट गाठ, ‘पिंग’ पाठव, उत्तर छाप. सेलखाली लगेच ‘पाँग’ उमटलं. गॅलरीसाठी ठेवलेला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) होता तो, पासवर्ड नसलेला. मूळ सेटिंगमध्ये तो तसाच असतो. नोटबुकमधला कोड सर्व्हरच्या आत बसून चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे घरातलंच. चर्चा तिथेच संपली.

आता हबला त्याच यंत्रावर स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आतलं, सॉफ्टवेअरनं बनवलेलं वेगळं यंत्र) आहे. तिच्यातून मूळ सर्व्हरकडे जाणारं सगळं फायरवॉलमध्ये बंद, बाहेरून आत यायला फक्त ८० आणि ४४३. जे भाड्याच्या क्लाउडवर करणार असतील त्यांनी आणखी एक पत्ता आठवणीनं अडवावा: १६९.२५४.१६९.२५४. क्लाउडवाले त्यावर मशीनची माहिती ठेवतात आणि मशीनला अधिकार दिले असतील तर तात्पुरत्या चाव्याही तिथेच मिळतात. आणि डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या खोक्यांत चालवायची सोय) वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: डॉकरनं उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलच्या, नियमांना वळसा घालून जातं. यूएफडब्ल्यू ‘बंद’ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहू नका, पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा.

एचटीटीपीएस फारच सोपं निघालं. ईमेल आणि डोमेन सांगितलं की हब लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेकडून सर्टिफिकेट स्वतः आणतो, नूतनीकरणही स्वतःच करतो. मर्यादाही कॉन्फिगमधूनच लावल्या: माणशी १ जीबी मेमरी आणि एक सीपीयू. कुणी दहा वर्षांचा डेटा एकदम ओढला तर त्याचाच कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा प्रोग्राम) कोसळतो, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. सदस्याचा वापरात नसलेला नोटबुक-सर्व्हर दहा मिनिटांनी बंद होतो, ती मूळ सेटिंग वाढवून मी एक तास केली. आमच्यातले निम्मे लोक मध्येच चहाला उठतात आणि परत आल्यावर ‘व्हेरिएबल कुठे गेले?’ म्हणून मलाच फोन करतात.

एकाच नोटबुकवर एकत्र काम करणं हा खरा किचकट भाग. कोलॅबोरेशन एक्स्टेन्शन टाकलं की दुसऱ्याचा कर्सर दिसतो, पण कर्नल एकच असतो आणि कोड त्या खात्याच्या मालकाच्या नावानं चालतो. म्हणजे माझ्या नोटबुकमध्ये कुणाला घेतलं की माझ्या सगळ्या फायली त्याच्या हातात. म्हणून कुणाचंही वैयक्तिक खातं शेअर करायचं नाही असं ठरलं. ‘पाऊस’ नावाचं एक वेगळंच खातं काढलं, त्याचा असा मालक कुणी नाही. हबच्या गट आणि रोल या सोयीनं पाऊस-गटातल्यांना फक्त त्या खात्याच्या सर्व्हरपर्यंत जायची मुभा दिली. एकत्र संपादन तिथेच चालू, बाकी सगळीकडे बंद.

त्या खात्यात चोरण्याजोगं काही ठेवलेलं नाही. हवामानाच्या एपीआयची (डेटा देणाऱ्या ऑनलाइन सोयीची) चावी दुसऱ्याच युजरकडे आहे. त्याची क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट डेटा आणून सीएसव्ही लिहिते आणि नोटबुकला तो फोल्डर फक्त वाचता येतो. कच्च्या नोंदी कुणाच्या हातून पुसल्या जाण्याची भीतीही त्यामुळे गेली.

एकाच कर्नलची गंमत पहिल्याच बैठकीत दिसली. काहींचे गेज इंचात आकडे देतात, म्हणून एका सेलमध्ये तो रकाना २५.४ नं गुणून त्याच नावानं परत ठेवला होता. दोघांनी आपापल्या घरून शिफ्ट-एंटर दाबलं. दुष्काळी आटपाडीच्या सदस्याचा दीड इंच पाऊस ३८.१ मिलिमीटर व्हायचा, तो झाला जवळपास ९६८! आटपाडीकर खूश, बाकीचे चक्रावलेले. आता नियम केलाय: मूळ रकान्याला हात लावायचा नाही, मिलिमीटरचा नवा रकाना करायचा. सेल कितीदाही चालला तरी उत्तर तेच.

ॲडमिनचं म्हणाल तर या हबमध्ये ॲडमिनला पासवर्डशिवाय सुडो (यंत्रावरचे सर्वाधिकार) मिळतो. म्हणून माझी दोन खाती आहेत आणि ॲडमिनच्या खात्यातून मी कुणाचीही नोटबुक उघडत नाही. आलेल्या नोटबुकमधलं जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) तिला ‘ट्रस्ट’ करेपर्यंत चालत नाही हे खरं, पण ते बटण दाबायला वेळ कितीसा लागतो?

राहिलेली कामं दोन. डिस्कचा कोटा अजून लावलेला नाही. मेमरीची मर्यादा डिस्कला लागू होत नाही, आणि रडारची चित्रं साठवायची हौस काहींना आहेच. दुसरं म्हणजे प्रत्येक सदस्याला वेगळा सबडोमेन, म्हणजे एकाच्या पानातली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या लॉगिनपर्यंत पोचणार नाही. त्यासाठी वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणारं) सर्टिफिकेट हवं, ते डीएनएस चॅलेंजशिवाय (डोमेनच्या नोंदींत खूण ठेवून मालकी दाखवल्याशिवाय) मिळत नाही, आणि आमच्या डोमेनचं डीएनएस ज्या काकांच्या ताब्यात आहे ते सध्या मुलाकडे अमेरिकेत आहेत. व्हॉट्सॲपवर पासवर्ड द्यायला ते तयार नाहीत. त्यांचं बरोबरच आहे, ते आले की करू.