माझेच दगड मी विसरलो

चवथीला साखळीच्या जुन्या घरात आम्ही सगळी भावंडं जमतो. आरत्या आटोपल्या की माटोळीच्या समोरच चटया पडतात, नेवऱ्यांचा डबा मध्ये येतो आणि मी नि म्हापशाचा मावसभाऊ, आमचा दादा, मोबाइलवर पोकेमॉन शोडाउन, म्हणजे पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतींचा खेळ, उघडतो. गेल्या वर्षीची हार अजून खुपते.

समोर दादाचा पोकेमॉन हीट्रान, आग आणि पोलाद या प्रकारांचा. माझा गार्चोम्प. अर्थक्वेक हा जमिनीचा हल्ला मारला तर चौपट बसणार, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी एक पायरी पुढे गेलो. वाटलं, दादा हीट्रान काढून त्याची दुसरी पोकेमॉन स्कार्मरी आणणार, ती उडणारी, तिला अर्थक्वेक लागतच नाही. आणि स्विच, म्हणजे ही अदलाबदल, हल्ल्याआधी होतो. मग मी स्कार्मरीसाठी आगीचा हल्ला, फायर फँग, दाबलं. दादाने हीट्रान हलवलाच नाही! त्याची अबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, फ्लॅश फायर, आग लागायच्या ऐवजी त्याचीच आग भडकते. वर हीट्रानचा ड्रॅगन पल्स हा हल्ला खाऊन माझा अर्धमेला गार्चोम्प आडवा.

"फारच हुशार झालास रे," दादा नेवरी चावत म्हणाला.

मला वाटलं, नशीब. घरी येऊन त्या डावाचा रिप्ले पाहिला तेव्हा डोक्याला हात लावला. स्कार्मरीकडे जेमतेम 10 टक्के जीव उरला होता. आणि मैदानात स्टेल्थ रॉक, म्हणजे आत येणाऱ्याला लागणारे दगड, मीच टाकलेले, आत येणाऱ्या स्कार्मरीचा 12.5 टक्के जीव ते घेतात. म्हणजे ती आली असती तर पाय टेकताच मेली असती. दादाला स्विच करायला जागाच नव्हती, आणि मी त्याच्या मनात शिरायला निघालो होतो!

त्यानंतर मी एक वही केली. माझ्या जुन्या रिप्लेंमधली प्रत्येक अडचणीची चाल लिहायची: समोरच्याकडे आत यायला कोण जिवंत आहे, दगड सोसून ते टिकेल का, आणि याच डावात घाबरून तो आधी कितीदा पळालाय. पावसाळाभर लिहिलं. निम्म्या ठिकाणी प्रेडिक्ट करायची, म्हणजे समोरच्याची चाल आधीच ताडायची, गरजच नव्हती, साधा हल्ला पुरला असता. लॅडरवर, म्हणजे शोडाउनच्या क्रमवारीत, 1000 गुणांच्या आसपासचे खेळाडू तर बऱ्याचदा स्विच करतच नाहीत. तिथे हुशारी म्हणजे नुसती उधळपट्टी.

यंदा पुन्हा तीच जोडी समोर आली. पण यंदा स्कार्मरी अर्ध्याहून थोडी वर होती आणि दादाने त्याच डावात दोनदा अर्थक्वेकसमोर तिला आणलं होतं. फायर फँगचा अंदाज चुकला तरी माझा गार्चोम्प पूर्ण जिवंत होता, फार नुकसान नव्हतं. दाबलं. स्कार्मरी आली, आधी दगड, मग आग. आता तिला परत बाहेर नेली तर पुढच्या वेळी दगडच खाणार, आणि रूस्ट या चालीने जीव भरून सावरावं तर गार्चोम्प तिच्याहून वेगवान.

दादाने मोबाइल उलटा ठेवला. "तो डबा इकडे सरकव," एवढंच बोलला.