तिफणीच्या गावात ‘थिक ॲज अ ब्रिक’

जेथ्रो टल हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते शेतीच्या पुस्तकात, १७०१ साली बियाणे ओळीत पेरणारे यंत्र तयार करणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याचे म्हणून. ओळीत पेरणाऱ्या तिफणीचे चाडे आणि सरते पाहत लहानाचा मोठा झालेल्या मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. त्याच नावाचा एक रॉक बँड आहे, हे बऱ्याच वर्षांनी कळले.

त्या बँडचा १९७२ सालचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा अल्बम मी बहुतेक वेळा शेतात ऐकतो. शेतीची वीज रात्रीची असली की हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावून बसावे लागते, आणि सुमारे ४४ मिनिटांचे, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेले एकच गाणे ऐकायला तेवढी सलग सवड दुसरीकडे कुठे मिळणार? बँडच्या आधीच्या ‘ॲक्वालंग’ला समीक्षकांनी संकल्पनाप्रधान, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम ठरवले, म्हणून बँडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसनने हा मुद्दाम थट्टेने रचला. गाण्याचे शब्द जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या, अर्थातच काल्पनिक, मुलाच्या कवितेचे असल्याचे भासवले आणि वेष्टन म्हणून १२ पानांचे एका लहान गावाचे खोटे वर्तमानपत्र छापले. तालुक्याच्या बातम्यांचे पान रोज वाचणाऱ्याला ही थट्टा समजावून सांगावी लागत नाही.

सुरुवातीला साधी गिटार आणि बासरी लोकगीतासारखी चालते. मग ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटार शिरतात, ताल वारंवार बदलतो आणि शेवटाकडे डेव्हिड पामर यांच्या संयोजनातील तंतुवाद्ये येतात. अशा मिश्रणात पुष्कळदा प्रत्येक शैली आपापली हजेरी लावून निघून जाते. येथे मात्र एकच सुरावट कधी ऑर्गनवर, कधी बासरीवर रूप पालटून परत येते, आणि म्हणूनच हे सारे एकसंध वाटते.

एका रात्री शेजारच्या धुऱ्यावरचे काका सोबत होते. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. बासरीतला घुमणारा, खरखरता श्वास ऐकून त्यांनी विचारले, “याले दमा हाये का, बावा?” वाजवताना त्याच श्वासात गुणगुणण्याची ही रीत अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्क यांची. अँडरसनने ती उचलली आणि १९६९ सालच्या ‘स्टँड अप’मध्ये जुन्या जर्मन संगीतकार बाखने ल्यूट या तंतुवाद्यासाठी लिहिलेल्या नृत्यरचनेलाही तोच श्वास दिला. बन्सीचा नितळ सूर कानात असलेल्या माणसाला तो दोषच वाटणार. मलाही आधी वाटला होता.

गाणे संपताना सुरुवातीची गिटार आणि तेच शब्द हळूच परतले, तेव्हा काका म्हणाले, “गड्यानं धुरपद काई सोडलं नाई.” दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला असलेला ड्रमचा लांबलेला तुकडा त्यांनी ऐकलाच नव्हता, कारण तेव्हा ते पाइप बदलायला गेले होते, त्यात त्यांचे फारसे नुकसान झाले, असे मला वाटत नाही.